बाळ प्रत्येक वेळी दूध काढतंय, माझं दूध बंद करून पावडरवर आणू का?

पत्र थोडक्यात असं: पहिलं बाळंतपण, मुलगा, आज २२ दिवसांचा. जन्मलं तेव्हा वजन ३ किलो, चौथ्या दिवशी २ किलो ८०० ग्रॅम, १२व्या दिवशी तपासणीला नेलं तेव्हा २ किलो ९८० ग्रॅम, त्यानंतर वजन केलेलं नाही. दिवसभर अंगावर पितो, रात्री मात्र शांत झोपेल म्हणून अंगावर पाजून झाल्यावर वरून ९० मिलीची एक बाटली. जवळजवळ दर वेळी पिऊन झालं की दूध काढतो, कधी पाण्यासारखं, कधी फुटलेलं. सासूबाई म्हणतात दूध जड आहे, आई म्हणते दूध पुरत नाही, नवरा किती मिनिटं प्यायला आणि कितीदा काढलं ते सगळं ॲपमध्ये भरतोय, एका नातेवाइकाने उलटी थांबवायच्या ड्रॉप्सचं नाव पाठवलंय. दूध घशात अडकेल या भीतीने पत्र लिहिणारी स्वतः रात्र रात्र सोफ्यावर बाळाला खांद्याशी धरून बसते. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की गेल्या दोन दिवसांत दोन-तीनदा दूध जोरात उडून लांब पडलं. आणि मग प्रश्न: "माझं दूध त्याला सोसत नाहीये का? बंद करून पूर्ण पावडरवर आणू का? आई म्हणून मीच कुठेतरी कमी पडतेय असं वाटतं."

अगं, तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण सुरुवात तुझ्या त्या शेवटच्या ओळीपासून करते, ती जी तू जाता जाता लिहिलीस. पहिले तीन आठवडे बाळ तोंडाच्या कडेने दूध काढत होतं आणि आता दोन दिवसांपासून ते उडून लांब पडतंय, हा बदल आहे, आणि या वयात असा बदल झाला की बाळाला दाखवून घ्यायचं. उद्या सकाळीच जा. घाबरून नको, पण पुढच्या लसीच्या वेळी विचारू असंही नको.

का ते सांगते. जठरातून पुढे आतड्यात जायच्या तोंडाशी पायलोरस नावाचा स्नायू असतो. काही थोड्या बाळांमध्ये जन्मानंतरच्या आठवड्यांत तो जाड होत जातो आणि वाट अरुंद होते, मग दूध पुढे सरकत नाही आणि पिचकारीसारखं परत येतं. हे साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या मधे, बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कळतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये चारेक पट जास्त दिसतं, त्यातही पहिल्या बाळात जास्त. उलटी हिरवी नसते, दिवसेंदिवस वाढत जाते, दर वेळच्या पिण्यानंतर व्हायला लागते, आणि गंमत म्हणजे बाळ आजारी वाटत नाही, उलटी झाल्या झाल्या परत भुकेने तोंड शोधायला लागतं, त्यामुळे घरातल्यांना वाटतं की पोटभर मिळत नसेल म्हणून रडतंय. पण वजन थांबतं आणि शू कमी होते. पोटाच्या सोनोग्राफीत हे दिसतं. निघालंच तर आधी सलाइनमधून क्षार नीट करून मग एक छोटं ऑपरेशन करतात, जे शंभर वर्षांहून जास्त काळ होत आलंय, आणि बरीचशी बाळं दुसऱ्या दिवसापर्यंत परत दूध प्यायला लागलेली असतात. तुझ्या बाळाला हेच आहे असं मी म्हणत नाहीये. एखाद-दुसरी उलटी जोरात होणाऱ्या बहुतेक बाळांना यातलं काही नसतं, आणि तुमच्याकडे रात्रीची ती बाटली हेही एक सरळ कारण असू शकतं, त्याकडे येते. पण घरी बसून हे ठरवता येत नाही, मला पत्रावरून तर नाहीच, मी डॉक्टर नाही, नव्या आयांना पाजायला मदत करणं हे माझं काम आहे.

जाताना उलटीचा मोबाईलवर व्हिडिओ काढता आला तर काढ, 'जोरात' म्हणजे किती जोरात हे शब्दांत सांगणं अवघड असतं आणि व्हिडिओत डॉक्टरांना दोन सेकंदांत कळतं. आणि शक्य झालं तर तिथेच एकदा पाजून दाखव. पाजताना बघितल्याशिवाय कुणी दुधाबद्दल मत दिलं तर ते अर्धंच धर.

आता आज रात्रीच, सकाळची वाट न बघता, कधी निघायचं तेही सांगते आणि हे वाचणाऱ्या बाकी सगळ्या आयांनीही लक्षात ठेवा. उलटी हिरवी झाली तर. पिवळट दुधाळ नाही, गवतासारखी हिरवी. याचा अर्थ पित्त वर येतंय, म्हणजे आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता असते, आणि तिथे तासांचा हिशेब असतो, बाळ हसतं-खेळतं दिसलं तरी सरळ इमर्जन्सीला. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर दाखवायचंच (कधी कधी आईच्या चिरलेल्या निप्पलमधलं रक्त बाळाच्या पोटात जाऊन तेच बाहेर येतं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं). पोट फुगून टणक झालंय, सहा-आठ तासांत डायपर ओलाच झाला नाही, टाळू खोल गेलीये, बाळ उठवूनही जागं होत नाही, किंवा ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आहे, तर निघायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे घरी औषध देऊन वाट बघायची नाही, आणि अंग नेहमीपेक्षा गार लागत असेल तर तेही तितकंच गंभीर. आणि एक गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही: कालपर्यंत नीट पिणारं बाळ आज अचानक प्यायचं बंद झालं किंवा दोन घोट ओढून गळून जातंय, तर उलटी असो नसो, ते आजारपणाचं लक्षण आहे. एवढ्या लहान बाळाला सांगता येत नाही, ते पिणं सोडतं.

हे झालं. आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे.

तू लिहिलंस 'माझं दूध त्याला सोसत नाहीये'. हे तू कशावरून ठरवलंस? बाहेर आलेल्या दुधावरून. पण दूध बाहेर येतं ते न पचल्यामुळे नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप या वयात सैल असते, अन्ननलिका आखूड, खाणं सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग थोडं भरलं की वर येणारच. तीन महिन्यांच्या आतली साधारण निम्मी बाळं रोज एकदा तरी दूध काढतात, चार महिन्यांच्या सुमारास हे प्रमाण आणखी वाढतं आणि मग बसायला लागली, घट्ट खायला लागली की कमी होत वर्षा-दीड वर्षात थांबतं. आणि फुटलेलं दूध बघून जी धास्ती वाटते ना, ते दूध खराब झालेलं नसतं, ते जठरातल्या आम्लात गेलंय आणि पचायला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. पिऊन लगेच आलं तर पातळ येतं, अर्ध्या तासाने आलं तर फुटलेलं येतं. बस. त्यामुळे 'जड दूध' असं काही नसतं, सासूबाईंना हे प्रेमाने सांग.

किती बाहेर येतं याचाही अंदाज आपला फार चुकतो. एक प्रयोग कर. एक चमचा, म्हणजे ५ मिली दूध, दुपट्यावर ओत. केवढा मोठा डाग पडतो बघ. मग दुसऱ्या कोपऱ्यात दोन चमचे ओत. आता रोज बाळ काढतं तो डाग यातल्या कशाच्या जवळ जातो ते बघ. मी हे ज्या घरात करायला सांगते तिथे लोक चाट पडतात, कारण 'सगळंच्या सगळं काढलं' असं जे वाटत असतं ते पुष्कळदा दोन चमच्यांच्या आतच असतं. नवऱ्यालाही दाखव, त्याच्या ॲपमधल्या नोंदी जरा शांत होतील.

म्हणून प्रश्न उलटा विचार. किती बाहेर आलं ते मोजू नको, किती आत राहिलं ते बघ, आणि ते दोनच गोष्टींवरून कळतं: वजन आणि शू. तुझ्या बाळाचं सुरुवातीचं गणित अगदी नेहमीचं आहे. पहिल्या दिवसांत जन्माच्या वजनाच्या सातेक टक्क्यांपर्यंत, काही बाळांत दहापर्यंतही, वजन उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून निघतं; याचं २०० ग्रॅम म्हणजे सात टक्क्यांच्या आत उतरलं आणि १२व्या दिवशी जवळपास भरून आलं होतं, तेही तू अंगावर पाजत असताना. म्हणजे तोपर्यंत तरी तुझं दूध पुरतही होतं आणि सोसतही होतं, हे मी नाही तो काटा सांगतोय. त्यानंतर दिवसाला २५-३० ग्रॅम धरले तर आज तो ३ किलो २०० ग्रॅमच्या आसपास किंवा वर असायला हवा. उद्या डॉक्टरांकडे कपडे, डायपर सगळं काढून वजन करून घे. ३२०० च्या पुढे असेल आणि दिवसातून सहा किंवा जास्त डायपर चांगले ओले होत असतील तर बरीचशी काळजी तिथेच उतरेल. ३००० वरच अडकला असेल तर काहीतरी शोधायला हवंय, आणि ते शोधायचं, आधीच दूध बदलून मोकळं व्हायचं नाही. घरी रोज वजन करू नको हं, सकाळ-संध्याकाळच्या फरकाने वेड लागेल, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, पुरे.

आता ती रात्रीची बाटली. माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर आहे. तुझ्या बाळाच्या वजनाला दिवसभरात मिळून साधारण ४५०-४८० मिली दूध लागतं, म्हणजे आठ वेळा पाजलं तर एका वेळी ६० मिलीच्या आत. आणि तुम्ही अंगावर पाजून झाल्यावर वरून ९० देताय! ते कुठे मावणार? बाटलीतून दूध आपोआप वाहतं, बाळाला गिळावंच लागतं, पोट भरलं तरी चोखणं सुरूच राहतं आणि आपण म्हणतो बघा किती भूक होती. त्या मोठ्या उलट्या रात्रीच्या बाटलीनंतरच झाल्यात का ते आठव आणि डॉक्टरांना नक्की सांग. बाटली द्यायचीच असेल तर सर्वात हळू प्रवाहाचं निप्पल, बाळ बरंचसं उभं, बाटली जवळजवळ आडवी, आणि दर काही घोटांनी बाटली खाली करून थांबायचं. मुठी सैल सुटल्या, तोंड वळवलं, की थांबायचं, उरलेलं ओतून द्यायचं, 'एवढंसं तर राहिलंय' म्हणून संपवायचं नाही. पावडर डब्यावर लिहिलंय तेवढीच, आधी पाणी मोजून मग सपाट चमचा. घट्ट केलं तर बाळाच्या किडनीवर ताण येतो, पातळ केलं तर उपाशी राहतं.

अंगावर पाजतानाही एकदा नीट बघ. पान्हा फुटल्यावर बाळ ठसकतंय, खोकतंय, सोडून रडतंय, आणि तुझं दूध नुसतं वाहतंय असं होतं का? मग दुधाचा वेग त्याला झेपत नाहीये, कमी पडण्याच्या बरोबर उलट. अशा वेळी तू मागे रेलून बस आणि बाळाला स्वतःच्या छातीवर पालथं घेऊन पाज, किंवा पहिला जोर दुपट्यात जाऊ दे आणि मग लाव. आणि उलट, पाजून झाल्यावर निप्पल चेपून एका बाजूने तिरकं झालेलं दिसतंय, दुखतंय, पिताना 'चट चट' आवाज येतोय, तर बाळाने फक्त टोक धरलंय आणि दुधाबरोबर हवा गिळतंय. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची, खालचा काळा भाग जास्त आत जाऊ द्यायचा. जमेना तर कुणीतरी जाणकार शेजारी बसवून घे, हे वाचून येत नाही गं, बघून येतं.

इथे जरा थांबून ज्यांचं बाळ दूध काढत नाही पण पीतच नाही अशा आयांसाठी लिहिते, कारण तशीही पत्रं खूप येतात. जरा लवकर, ३४-३६ आठवड्यांना जन्मलेली किंवा कावीळ असलेली बाळं स्तनाशी घेतली की झोपून जातात आणि घरातले म्हणतात किती शहाणं बाळ आहे, रडत नाही. ते शहाणपण नाही, ताकद कमी पडतेय. अशा बाळाला सुरुवातीचे आठवडे दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं, कपडे कमी करून, तळपाय चोळून, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, आणि तरी घेत नसेल तर आईने आपलं दूध काढून वाटी-चमच्याने, डॉक्टरांना विचारून. पिताना कपाळावर घाम येतोय, धाप लागतेय, ओठ निळसर होतायत, तर हृदय तपासायला हवं, लगेच.

ढेकरेचं म्हणशील तर ढेकर काढ, पण नाही आली म्हणून अर्धा तास पाठ थोपटत बसू नको. चंदीगडला ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर एक अभ्यास झाला होता, अर्ध्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, बाकीच्यांना नाही, तर ढेकर काढलेल्या बाळांचं रडणं काही कमी झालं नाही आणि दूध काढणं उलट जास्तच दिसलं. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरायचं, हलवायचं-झुलवायचं नाही, पोट दाबून बसवायचं नाही, डायपर पाजायच्या आधी बदलायचा. एवढं केलंस तरी फरक पडेल.

आणि आता एका गोष्टीवर मी कडक बोलणार आहे. सोफ्यावर बाळाला घेऊन रात्र काढणं आजपासून बंद. २२ दिवस न झोपलेली बाई बसल्या बसल्या झोपणारच, आणि सोफ्याच्या फटीत किंवा तुझ्या कुशीत बाळाचं नाक दाबलं जाणं हा दूध वर येण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. तुला वाटतं पाठीवर झोपवलं तर दूध श्वासात जाईल. नाही जात. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका खाली, म्हणजे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढावं लागतं, पालथं असताना मात्र उलट होतं. शिवाय बाळाला गिळायची, खोकायची प्रतिक्षिप्त क्रिया असते. म्हणून दूध काढणारं बाळसुद्धा पाठीवरच, सपाट आणि कडक गादीवर, उशी नाही, गादीखाली उतार नाही, मऊ पांघरुणांचा ढीग नाही. जागं असताना उलटी आलीच तर कुशीवर वळव आणि तोंड पुसून घे.

ड्रॉप्स आणू नको. अशा ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा असणाऱ्या डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं घातली, आणि दुसऱ्याच्या बाळाला दिलेलं औषध, दुसऱ्याच्या वजनाचा डोस, हे तर मुळीच नाही. ग्राइप वॉटर नको, वरचं पाणी नको, दूध घट्ट करायला त्यात काही मिसळणं नको, आणि मध वर्षाच्या आत कुठल्याच कारणाने नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

तर दूध बंद करायचं का? माझं मत, नाही, निदान या आठवड्यात तरी हा निर्णय घेऊच नको. सैल झडप पावडरच्या दुधालाही सैलच असते, पायलोरसचं काही असेल तर तिथे दूध कुठलंय याने काही फरक पडत नाही, आणि प्रमाण जास्त होत असेल तर बाटलीने ते आणखी वाढेल. दूध खरंच बाधतंय असं म्हणायला शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, अंगावर खरखरीत लाल चट्टे, वजन न वाढणं अशा खुणा लागतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी काही बाळांना असते, पण तिथेही डॉक्टर आधी आईच्या खाण्यातून दुधाचे पदार्थ काढून बघतात, आणि नेहमीची पावडर तर गाईच्याच दुधाची असते. उद्या तुला स्वतःच्या कारणाने, तब्येतीसाठी, कामासाठी, बाटलीवर जायचं असेल तर जरूर जा, त्यात वाईट काही नाही, मी तुझ्या बाजूनेच असेन. पण 'माझं दूध वाईट' म्हणून जाऊ नको, कारण ते खरं नाही.

आणि ते 'कमी पडतेय' वाटणं. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येणं नेहमीचं, पण दोन आठवडे उलटूनही रोज असंच वाटत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर उद्या बाळाबरोबर स्वतःबद्दलही डॉक्टरांशी बोल. त्याला औषध आहे, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येईल असं आहे. बाळाला किंवा स्वतःला काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी आला तर घरात कुणालातरी लगेच सांग, एकटी राहू नको आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घरातल्या सगळ्यांना सल्ला द्यायचाय म्हणजे सगळ्यांना काहीतरी करायचंय, तर कामं वाटून दे. ॲप बंद, नवऱ्याने फक्त ओले डायपर मोजायचे. आईकडे बाळाचे कपडे, दुपटी. आणि सासूबाईंना सांग, "आई, रात्री मी पाजलं की पुढचा अर्धा तास तुम्ही त्याला उभं धरता का, मला तेवढीच झोप मिळेल." त्यांना डुलकी यायला लागली तर मात्र बाळ लगेच त्याच्या गादीवर, पाठीवर.